दिसण्यापुरतं

परवा सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडली तर आतून एक गुळगुळीत कागद पडला. शहरातल्या कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात. डावीकडे एका बाईचे डोळे, खाली लिहिलंय 'आधी'. उजवीकडे तेच डोळे, 'नंतर'. आणि त्याखाली यादी. वरच्या पापणीची लोंबलेली कातडी काढून मिळेल. डोळ्यांखालच्या पिशव्या काढून मिळतील. पुढे आलेले कान मागे बसवून मिळतील. फाटलेल्या पाळ्या शिवून मिळतील. दुहेरी पापणी करून मिळेल. शेवटी सणानिमित्त सवलत! आमच्या कोपऱ्यावरच्या उडुप्याकडे भिंतीवर पदार्थ लिहिलेले असतात ना, अगदी तस्सं.

दुहेरी पापणी वाचून तर मला हसूच आलं. पापणीवरची ती घडी आपल्यापैकी बहुतेकांना जन्मतःच असते. ती नसलेले लोक कोरिया, जपान, चीनकडे पुष्कळ, आपल्या ईशान्येकडेही आहेत. तिकडच्या कुठल्यातरी जाहिरातीवरून यादी उतरवताना तेवढं पुसायचं राहिलं असणार. परीक्षेत शेजाऱ्याचं उतरवणाऱ्या पोरांचं असंच होतं. शेजाऱ्याचा हजेरी क्रमांकसुद्धा उतरवतात.

तर हा कागद टेबलावर पडलेला असताना शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनी तो उचलून वाचला आणि म्हणाल्या, "काय एकेक नखरे बाई! देवानं दिलंय ते बरं नाही का?"

मला त्या कागदाचा राग आला होताच. वहिनींचं वाक्य ऐकून त्याहून जास्त आला. हा लेख त्या दोन्ही रागांचा आहे. पण कागदावर टीका करणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी वहिनींपासून सुरुवात करते. त्या हा लेख वाचणार नाहीत. वाचला तर चहाला येतीलच.

देवानं दिलंय ते बरं, असं म्हणणाऱ्या वहिनींच्या कानात चार भोकं आहेत. त्यांच्या नातीचे कान बाराव्या दिवशी टोचले, तेव्हा पेढे द्यायला त्या स्वतःच आल्या होत्या. बारा दिवसांच्या जिवाच्या कानात तार घालायची, पोर टाहो फोडतंय आणि आपण हसत त्याच्या तोंडात साखर घालायची, हा संस्कार. आणि साठ वर्षं कुड्या, झुबे वागवून ओघळलेली भोकं शिवून घेतली की तो नखरा!

हो, मी शिवून घेतली आहेत. सत्तावन्न वर्षांची असताना उजव्या कानाची पाळी पार खालपर्यंत फाटली. आदल्या पिढीच्या बायकांसारखी मीही दोराच्या फाशानं कुडी कानाला टांगून चालवत होते. शेवटी भाचीनं हाताला धरून नेलं. जागेपुरती भूल, फाटलेल्या कडा ताज्या करून घेतल्या आणि टाके घातले. दुपारी घरी येऊन मी वरणाला फोडणीसुद्धा दिली. काही महिन्यांनी जुन्या व्रणाच्या जरा बाजूला नवं भोक पाडलं. डॉक्टरांनी आधी एकच विचारलं होतं, की पूर्वी कुठे कापल्यावर व्रण फुगून गाठ आली होती का? कारण आपल्या कातडीला ती खोड असते आणि कानाच्या पाळीला जास्तच. ज्यांना ती खोड आहे त्यांनी शिवण काय, नवीन भोक पाडतानासुद्धा दहादा विचार करावा. पत्रकात हे नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.

आणि हे काही आजचं फॅड नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय यावरच आहे. लहान मुलाचे कान टोचावेत ते रक्षणासाठी आणि भूषणासाठी, अशी दोन्ही कारणं तिथे एका दमात दिली आहेत. मग पाळी फाटली तर ती जोडायच्या पंधरा तऱ्हा, प्रत्येकीला नाव. पाळी उरलीच नसेल तर गालाची जिवंत कातडी वळवून नवी करायची. त्याच अध्यायात पुढे कापलेलं नाक नवं करण्याची रीत येते. आपल्या पूर्वजांनी प्लॅस्टिक सर्जरी केली म्हणून सभेत छाती फुगवणारे आणि शेजारणीनं कान शिवून घेतला म्हणून नाक मुरडणारे, पुष्कळदा एकच लोक असतात.

असो. कानाची माझी गोष्ट काही फार मोठी नाही. मोठी आहे ती एका डोळ्याची. ती सांगायला मला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९८४ साल. पाचवीचा वर्ग, मी वर्गशिक्षिका, विषय मराठी. जूनमध्ये आसपासच्या वाड्यांवरून नवी मुलं आली, त्यात हा एक. (नाव लिहीत नाही.) डावी पापणी अर्ध्या बुबुळावर उतरलेली. दुसऱ्या बाकावर बसायचा आणि फळ्याकडे बघताना हनुवटी वर करायचा, कपाळाला आठ्या घालायचा. मला वाटलं, पोरगं उद्धट आहे. बाईंकडे असं मान ताठ करून, भुवया चढवून बघतात का? दोनदा सांगितलं, "मान खाली." त्यानं खाली केली. मान खाली केली की पापणी डोळ्यावर येई आणि मग मी म्हणे, "अरे, जागा आहेस की झोपलास?" वर्ग हसे. मला वाटे, विनोद बरा जमला. महिन्याभरात पोरांनी त्याचं नाव 'झोपाळू' पाडलं. पोरांनी कसलं, मीच पाडलं. त्यांनी फक्त ते मैदानावर नेलं.

ती हनुवटी तो का वर करत होता हे मला कळायला तीस वर्षं लागली. पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुबळा असला की मूल पापणीच्या खालच्या फटीतून बघायला शिकतं. त्यासाठी मान मागे टाकतं आणि कपाळाच्या स्नायूनं पापणी ओढून धरतं. दोन्ही डोळ्यांनी बघता यावं म्हणून त्याची ती धडपड चाललेली असते. आणि मी त्याला 'मान खाली' म्हणत होते.

२०१४ साली त्या तुकडीचा मेळावा झाला. तो आला होता, चाळिशीचा, टेम्पोचा धंदा, हसरा. पापणी वर! मी म्हटलं, "अरे वा, डोळा छान झाला की." तो म्हणाला, "लग्न जमेना म्हणून घरच्यांनी करून घेतलं. पडदा उघडला बाई, पण आत खेळ नाही." त्या डोळ्याला फक्त मोठाली अक्षरं दिसतात. त्याला एसटीत चालक व्हायचं होतं, ते डोळ्याच्या तपासणीत राहिलं.

मग जेवताना त्यानं सगळं सांगितलं. आजी म्हणायची, आईनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून पोराचा डोळा असा. म्हणजे पापणी पोराची आणि दोष जन्मभर आईला. तीन-चार वर्षांचा असताना वडिलांनी तालुक्याला एका डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, "काही नाही हो, हे दिसण्यापुरतं आहे. मोठा झाला की बघू."

दिसण्यापुरतं.

मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि 'दिसणे' या क्रियापदाकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं. 'तो दिसतो' आणि 'त्याला दिसतं'. क्रियापद एकच. कर्ता बदलला, विभक्ती बदलली की अर्थ पार उलटा होतो. त्या डॉक्टरांनी पहिला अर्थ घेतला आणि दुसऱ्या अर्थाचा डोळा गेला. लहानपणी मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्यावर पडदा असला, किंवा जड पापणीच्या दाबानं बुबुळाची गोलाई बिघडून नंबर आला, की मेंदू त्या डोळ्याकडून काम घेणंच सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. नाव किती चुकीचं बघा, डोळा बिचारा कामाला हजर असतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि गरज असेल तर पापणीची शस्त्रक्रिया केली तर पुष्कळ काही परत मिळतं. त्यानंतर दिवसेंदिवस कठीण. पापणी तिसाव्या वर्षीही उचलता येते, नजर नाही.

पाचवीत तो माझ्याकडे आला तोवर बराच उशीर झाला होता, असं मला पुढे एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यानं माझ्या मनावरचं ओझं कमी व्हायला हवं. झालं नाही. कारण त्याच्याआधी पहिली ते चौथी त्याला शिकवणारं कोणीतरी होतंच, आणि आम्ही सगळ्यांनी तेच बघितलं, एक झोपाळू पोरगा.

म्हणून मला त्या पत्रकाचा राग येतो. या पोराची पापणी आणि त्या 'आधी'वाल्या बाईची पापणी त्यानं एका ओळीत बसवली आहे. दोन्ही गोष्टी मुळातच वेगळ्या. वयानुसार पापणीची कातडी सैल होऊन लोंबते, ती घडीतून कापून काढायचं काम तासाभराचं. स्नायू दुबळा असेल तर तो आखूड करावा लागतो. तो अगदीच निकामी असेल तर मांडीतली पट्टी नाहीतर सिलिकॉनची दोरी घालून पापणी कपाळाच्या स्नायूला बांधतात. आणि पापणी पडण्याची आणखीही कारणं असतात. सकाळी बरी, संध्याकाळी जड, असं होत असेल तर तो स्नायूंचा आजार असू शकतो. तिथे सुरी नको, औषध हवं. अचानक एकच पापणी पडली, डोकं ठणकतंय, एकाचे दोन दिसतायत, तर सौंदर्याच्या दवाखान्याची पायरी चढू नका, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. हे ओळखायला आधी कोणीतरी डोळा तपासावा लागतो. त्या पत्रकावर फोन नंबर होता, सवलत होती, हप्ते होते. तपासणी हा शब्द नव्हता.

आणि कातडी जास्त कापली गेली तर? डोळा पुरता मिटत नाही. रात्री उघडा राहतो, कोरडा पडतो, जळजळतो. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजर जाणं फार फार विरळा, पण घडतं, आणि ज्याच्याकडून करून घ्यायचं त्यानं ते तोंडानं सांगायला हवं. जो सांगत नाही त्याच्या खुर्चीतून उठावं. भिडेपोटी बसून राहू नये. आपण डॉक्टरांपुढे फार भिडस्त असतो, मीसुद्धा.

आता कान. पुढे आलेल्या कानांची पोरं प्रत्येक वर्गात एखाददुसरं असतंच. कूर्चेला जी घडी पडायची ती पडलेली नसते, एवढंच. ऐकू चांगलं येतं. म्हणजे हे खरोखरच दिसण्यापुरतं. पण 'सूपकान्या' अशी हाक वर्षभर ऐकून जो मुलगा मधल्या सुटीत वर्गातच बसून राहतो, त्याला 'रूपापेक्षा गुण बघावेत' हा सुविचार सांगू नका. तो मीच फळ्यावर लिहीत असे आणि तास सुटायच्या आत त्याचे तेच कान पिळत असे. १८८१ साली न्यूयॉर्कमध्ये एली नावाच्या डॉक्टरनं कान मागे बसवण्याची जी शस्त्रक्रिया केली, ती या प्रकारातली पहिली नोंदलेली मानतात. रुग्ण बारा वर्षांचा मुलगा होता, कारण सोबतचे चिडवत. पहिल्या नोंदीतच आजार दुसऱ्यांच्या तोंडात आहे आणि सुरी याच्या कानाला.

मग करू नये का? मला विचाराल तर आईबापांनी आपल्या हौसेनं करू नये. कान पाच-सहा वर्षांपर्यंत जवळजवळ मोठ्या माणसाएवढा होतो, त्यामुळे त्यानंतर करता येतं. पण पोरानं स्वतः मागावं, काय होणार हे त्याला कळावं, डोक्याला पट्टा बांधून काही आठवडे राहावं लागेल हे त्यानं कबूल करावं. तोवर वाट बघावी. आणि जन्मल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत कूर्चा मऊ असते, तेव्हा साच्यासारखी पट्टी लावून पुष्कळ कान सुरीविनाच वळणावर येतात. हे किती बाळंतिणींना कोणी सांगतं? मालीशवाली बाई नाक चिमटीत धरून सरळ करते त्याचं आपल्याला कौतुक. त्यानं नाकही सरळ होत नाही.

'दिसण्यापुरतं' म्हणणाऱ्यांना मला आणखी एक नाव सांगायचंय. डॉ. नोशीर अंतिया. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलिस यांच्या हाताखाली शिकून आलेले प्लॅस्टिक सर्जन, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले. त्या विद्येवर श्रीमंतांची नाकं सरळ करून त्यांना बंगले बांधता आले असते. त्यांनी कुष्ठरुग्णांचे हात, नाक, पापण्या, कान यांना हात घातला. कुष्ठरोगात पापणी मिटवणारी नस मरते, डोळा सताड उघडा राहतो. बुबुळाची संवेदनाही जाते, त्यामुळे कचरा गेला तरी कळत नाही आणि माणूस आंधळा होतो. अशा वेळी चावण्याच्या स्नायूची एक पट्टी पापणीपर्यंत नेऊन बसवतात. दात आवळले की डोळा मिटतो. ही शस्त्रक्रिया कुठल्या खात्यात घालायची?

बरं, ती तरी नजरेसाठी. कानाचं काय? रोगात पाळ्या सुजतात, औषधानं रोग बरा होतो आणि रिकाम्या पाळ्या तशाच लोंबत राहतात. अंगात जंतू नाही, हातात बरं झाल्याचा कागद आहे. पण गावात शिरताना लोक कागद वाचत नाहीत, कान वाचतात. त्या लोंबत्या पाळ्या कापून सारख्या केल्या की तो माणूस पुन्हा पंगतीत बसू शकतो. निव्वळ दिसण्यापुरतं! कानाच्या कडेचा तुटलेला भाग भरून काढायची अंतिया आणि बूच यांची पद्धत १९६७ साली प्रसिद्ध झाली, ती आज जगभर त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

म्हणजे 'दिसण्यापुरतं' हे काही आजाराचं वर्णन नव्हे. तो बघणाऱ्याचा शेरा आहे. प्रगतिपुस्तकावर मी लिहीत असे तसा, मुलाला न विचारता.

हा शेरा सरकारदरबारीही चालतो. आरोग्य विम्याच्या नियमात रूप बदलण्याच्या उपचारांचे पैसे मिळत नाहीत. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती किंवा तब्येतीला थेट, तातडीचा धोका, एवढेच अपवाद. जीएसटीच्या नियमात वैद्यकीय सेवेला माफी आहे, पण सौंदर्य आणि प्लॅस्टिक शस्त्रक्रियांना ती जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा असेल तरच. मी ही यादी दोनदा वाचली. त्यात म्हातारपण कुठेच नाही. सत्तरीतल्या माणसाची पापणी डोळ्यावर आली तर ते जन्मजात नाही, वाढीतलं नाही, इजाही नाही. मग ते काय? नखरा?

हे मी तावातावानं का लिहितेय तेही सांगून टाकते. आमच्या घरी 'हे' एकोणऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून पेपर वाचताना डाव्या हाताच्या बोटानं पापणी वर धरतात. संध्याकाळपर्यंत कपाळ दुखतं. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं उघडं दार त्यांना दिसत नाही, दोनदा कपाळमोक्ष झालाय. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे झालेत, आतून नजर स्वच्छ आहे. पडदा तेवढा खाली आलाय. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तर म्हणतात, "आता किती दिवस राहिलेत? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला या वयात काय सुचलं!" लोक म्हणजे कोण, तर वहिनी. त्यांनी विचारलंच होतं, काकांना काय आता फोटो काढून घ्यायचेत का?

मी ह्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही मान वर करून, आठ्या घालून बघता ना, तशा बघणाऱ्या एका पोराला मी वर्षभर मान खाली घालायला लावली होती. दुसऱ्यांदा ते माझ्याच घरात व्हायला नको.

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटानं पापणी वर धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "मंगळवार चालेल."

मंगळवारी आधी नजरेच्या परिघाची तपासणी आहे. एकदा पापणी आहे तशी ठेवून, एकदा चिकटपट्टीनं वर उचलून. दोन्ही नकाशांत फरक किती, ते कागदावर येईल. तो कागद विमा कंपनीला पाठवायचा आहे, अर्जासोबत. अर्ज मी लिहून ठेवला आहे, मराठीत आणि इंग्रजीत, दोन-दोन प्रती.